पाटणादेवीचं खोरं पायी: डोंगरीकाठच्या वाटा, वेळा आणि जपायच्या गोष्टी

तितूरकाठ:

पाटणादेवीला आपल्या भागातलं कोण गेलेलं नाही? नवरात्रात दर्शनाला, श्रावणात धबधबा बघायला, शाळेच्या सहलीत, घरच्या कुळाचाराला. पण गाडी लावायची जागा, देऊळ आणि पाणी, एवढीच पाटणादेवी बहुतेकांना माहीत असते. देवळाच्या मागं जे खोरं पसरलंय ते पायी बघायला हवं, असं मला मनापासून वाटतं. दोन-तीन जणांनी निरोप पाठवून वाटा विचारल्या होत्या, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी जागा समजून घ्या. चाळीसगावातून दक्षिणेकडं बघितलं की जो डोंगर आडवा दिसतो तो सातमाळा-अजिंठ्याचा. डोंगरावर कन्नडचं पठार, म्हणजे मराठवाडा. खाली आपला खानदेश. पठारावरचा पाऊस शिवना नदीतून गोदावरीला जातो आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. कड्याच्या अलीकडं पडलेला पाऊस डोंगरी नदीत उतरतो, चाळीसगावात तितूरला मिळतो, मग गिरणा, मग तापी, मग अरबी समुद्र. म्हणजे पाटणादेवीच्या माथ्यावरच्या कड्यावर दोन समुद्रांचं पाणी वेगळं होतं. डोंगरीच्या पात्रात उभं राहून वर बघाल तेव्हा हे डोक्यात असू द्या, खोरं वेगळं दिसायला लागतं.

हे सगळं गौताळा औट्रम घाट अभयारण्यात येतं. १९८६ साली ते जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर, जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. औट्रम म्हणजे जेम्स औट्रम, १८२५ च्या सुमारास खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी. कन्नड घाटाला त्याचं नाव पडलं आणि तेच अभयारण्याला चिकटलं.

आता वाटा. सगळ्यात सोपी म्हणजे डोंगरीच्या कडेकडेनं वर जाणं. चढ फारसा नाही, पण पायाखाली गोटे आहेत, चप्पल घालून येऊ नका. पहिला अर्धा तास माणसांचे आवाज मागून येत राहतात, मग थांबतात. दोन्ही बाजूंच्या डोंगरउतारांवर सालई, धावडा, खैर, पळस, सीताफळ आणि आपल्या खानदेशाचं खास झाड, अंजन. अंजनाची पानं जोडीनं येतात आणि नवी पालवी तांबूस असते, एकदा ओळखलं की सगळीकडं दिसतं. पात्रात काळा पाषाण आहे, पुरातल्या गोट्यांनी त्यात घुसळून रांजणखळगे केलेत. पाऊस संपल्यावरही त्यात पाणी टिकतं आणि जनावरं तिथंच येतात. सकाळी लवकर गेलात तर ओल्या वाळूवर ठसे वाचायला मिळतात: रोही, भेकर, साळिंदर, तरस. बिबट्याचा ठसाही दिसतो.

दुसरी वाट कन्हेरगडाची. खडा चढ आहे, वर सावली कमी. पण त्या डोंगरात कोरलेली नागार्जुन कोठी आणि सीतेची न्हाणी ही लेणी बघितल्याशिवाय पाटण, म्हणजे पाटणादेवीचा हा परिसर, बघितलं असं म्हणू नये. नागार्जुन कोठी जैन लेणं आहे. आतली गारवा धरलेली शांतता आणि बाहेर पसरलेलं खोरं, तासभर तरी तिथून उठवत नाही. शृंगार चावडी म्हणून आणखी एक लेणं जवळच आहे.

तिसरी वाट धवलतीर्थ धबधब्याच्या अंगानं पितळखोऱ्याची. ही पूर्ण दिवसाची. खोऱ्याच्या टोकाशी कडे जवळ येतात आणि त्या कड्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. बहुतेक लोक कन्नडकडून वरच्या डांबरी रस्त्यानं येतात आणि पायऱ्या उतरून लेणी बघतात. खालून येणाऱ्याला लेणी वेगळीच भेटतात, कारण ज्या पाण्यानं ते खोरं कापलं त्याच पाण्याच्या सोबतीनं तुम्ही तिथवर पोचलेले असता. पण ही वाट स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय करू नका. फाटे फार आहेत, मोबाईलची रेंज जाते आणि पावसात गोटे निसरडे होतात.

वेळ म्हणाल तर ऑक्टोबर ते जानेवारी. पावसाळ्यात खोरं देखणं असतं, मान्य, पण चालण्यासाठी नाही. उन्हाळ्यात जायचंच असेल तर दहाच्या आत परत फिरा. उन्हाळ्यातला उरलेला दिवस पाणवठ्यावर येणाऱ्या जनावरांचा.

वन विभागाच्या नाक्यावर नोंद करा, शुल्क भरा, पावती जवळ ठेवा. कुणाला काही विचारायचं असेल तर इथंच विचारा.

गिरणाई:

दादा, फार छान लिहिलंत. माझं माहेर भडगावचं, आता नाशिकला असते. दिवाळीत मुलांना घेऊन यायचा विचार आहे. मुलं आठ आणि अकरा वर्षांची. नदीकाठची वाट त्यांना झेपेल का? आणि सासूबाईंना फक्त देवीचं दर्शन घ्यायचंय, त्या तोवर देवळात थांबल्या तर चालेल?

तितूरकाठ:

ताई, अवश्य या. नदीकाठची वाट मुलांना झेपेल, फक्त सगळी करायचा हट्ट धरू नका. पहिल्या मोठ्या रांजणखळग्यांपर्यंत जा, तिथं बसा, मुलांना ठसे शोधू द्या आणि परत फिरा. पाण्यात उतरू देऊ नका, खळगे वरून दिसतात त्यापेक्षा खोल असतात. सासूबाई देवळात निवांत बसू शकतील. जवळच महादेवाचं जुनं दगडी मंदिर आहे, पुरातत्त्व खात्यानं संरक्षित केलेलं. तेही त्यांना दाखवा, कोरीवकाम बघण्यासारखं आहे.

आणि मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. ऑक्टोबरनंतर कुसळी गवत वाळतं, त्याची टोकं मोज्यातून आत घुसतात. खाजकुयलीच्या मखमली शेंगा मुलं हमखास हातात घेतात, त्या आधीच ओळखून दाखवा. हात लागला तर चोळायचं नाही.

खोराना_पोऱ्या:

भाऊ, बहू चांगलं लिखं. आम्हनं गाव पाटणाना जवयच शे. मना बाप याच जंगलमा ढोरे चारे. एकच गोट सांगस, वर पानी पडनं का खाले नदीले अर्ध्या घंटामा पूर येस. आभाय वर कायं व्हयनं का नदीमाईन बाहेर निंघी या.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं मराठीत लिहितो. खाली ऊन पडलेलं असतं आणि वर कन्नडकडं ढग फुटलेला असतो, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं आहे, पाण्याचा रंग बघायचा. निवळ पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या की सामान सोडून वर चढायचं. पलीकडच्या काठावर कुणी राहिलं तर ओलांडायला जायचं नाही, तिथंच उंचावर थांबायचं. पाणी जसं लवकर चढतं तसं काही तासांत उतरतंही.

३१ ऑगस्ट २०२१ चा दिवस इथल्या कुणी विसरलेलं नाही. घाटात दरडी कोसळल्या, तितूर आणि डोंगरी दोन्ही एकदम फुगल्या. चाळीसगाव शहरात पाणी शिरलं, काठच्या गावांतली ढोरं दावणीला बांधलेली वाहून गेली. तेच पाणी याच खोऱ्यातून गेलं होतं. म्हणून पावसाळ्यात पात्रातनं चालत वर जायचा कुणीही आग्रह धरला तर नाही म्हणा.

आणि दुसरं, गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्या. त्याला रोजंदारी द्या, नुसता चहा पाजून सोडू नका. त्याचा दिवस शेतातून मोडलेला असतो.

अंजनछाया:

धागाकर्त्याबद्दल आदर ठेवून विरोध नोंदवतो. अशा वाटा उघडपणे लिहायला नकोत असं माझं ठाम मत आहे. धबधब्यापाशी सुट्टीच्या दिवशी काय अवस्था असते ते सगळे बघतात: थर्माकोलच्या ताटल्या, फुटलेल्या बाटल्या, गाड्यांवरचे स्पीकर. आज ती गर्दी देवळापाशी थांबते कारण पुढची वाट तिला माहीत नाही. ही अज्ञानाची भिंत आहे म्हणून आतलं जंगल टिकलंय. इथं वाचलेलं उद्या व्हॉट्सॲपवर जाईल आणि पुढच्या पावसाळ्यात पन्नास जणांचे जथे खोऱ्यात शिरतील. अभयारण्य हे आधी जनावरांचं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात आग लावायला, शस्त्र न्यायला आणि घातक पदार्थ न्यायला स्पष्ट बंदी आहे, प्रवेशालाच परवानगी लागते. ते कायदे कुणासाठी केलेत?

तितूरकाठ:

तुमची काळजी खरी आहे आणि वर्णनही खरं आहे. तरी मी लिहिलं, त्याचं कारण सांगतो.

या वाटा गुप्त कधीच नव्हत्या. गुराखी, मध काढणारे, डिंक वेचणारे, तांड्यावरच्या बाया, सगळ्यांना त्या ठाऊक आहेत. आणि झाडं तोडणाऱ्यांना, फासे लावणाऱ्यांनाही आधीपासूनच ठाऊक आहेत. ठाऊक नाहीत त्या फक्त शहरातल्या अशा माणसांना, जी सकाळी गुपचूप जाऊन संध्याकाळी गुपचूप येतील. ओळीनं वीस रविवार धबधब्याखाली भिजलेल्या माणसाला खोऱ्याची फिकीर वाटत नाही, कारण त्यानं खोरं बघितलेलंच नसतं. एकदा जो ठसे वाचत वर गेला तो वणवा दिसल्यावर फोन करतो, फास दिसला की वनरक्षकाला सांगतो. जंगलाला अशी माणसं हवीत आणि ती चालल्याशिवाय तयार होत नाहीत.

गर्दीचं म्हणाल तर स्पीकर घेऊन आलेला माणूस तीन तास गोट्यांवरून चालत नाही. त्रास गाडी जिथवर जाते तिथवरच असतो. तिथं तपासणी कडक व्हायला हवी, आणि त्यासाठी वन विभागाकडं मागणी करायची असेल तर मी तुमच्या बरोबर सही करायला तयार आहे.

तुमची एक गोष्ट मात्र मी पाळणार: नकाशावरचे नेमके बिंदू देणार नाही. वाटेचा अंदाज दिला, पुढचं वाटाड्या दाखवेल.

नवरंग_निरीक्षक:

अंजनछाया आणि तितूरकाठ, दोघांशीही थोडा थोडा सहमत. मी पक्ष्यांसाठी या खोऱ्यात येतो. जूनच्या सुरुवातीला पहिल्या सरी झाल्या की नवरंग येतो आणि पहाटे त्याची दोन सुरांची शीळ घळीघळीतून ऐकू येते. त्याच सुमारास स्वर्गीय नर्तकाची घरटी असतात, वाटेच्या अगदी जवळ, डोक्याइतक्या उंचीवरसुद्धा. कड्यांवर शृंगी घुबड, आकाशात सर्पगरुड, झुडपांत मोरांची पिल्लं.

हाच गर्दीचाही काळ. म्हणून माझी कळकळीची विनंती: घरट्याचा फोटो काढू नका, घरट्याची जागा कुणालाही सांगू नका, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत तो आवाज ऐकून नर खाणं सोडून हद्द राखायला धावतो, अंडी उघडी पडतात.

हिवाळ्यात मात्र निर्धास्त या. पळसाची फुलं फेब्रुवारीच्या शेवटाला येतात, तेव्हा तर एका झाडाखाली बसलं तरी सकाळ पुरते. मैना, कोतवाल, सूर्यपक्षी, बुलबुल, वानरं, सगळे एकाच झाडावर.

आणखी एक सूचना पितळखोऱ्याला जाणाऱ्यांसाठी. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, सुगंधी स्प्रे लावून जाऊ नका, विडी-सिगारेट पेटवू नका, ओरडू नका. माश्या उठल्या तर कड्याजवळ पळायला जागा नसते.

पाटणपट्टी:

इतिहासाची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. पाटणला एक शिलालेख आहे, शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्यानं आजोबांचे ग्रंथ, त्यातही सिद्धांतशिरोमणी, शिकवण्यासाठी इथं मठ काढला, आणि इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला दान दिलं. लेखाचा बराच भाग संस्कृतात आणि शेवटचा मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या उत्पन्नातला वाटा मठाला द्यायचा, असं त्यात आहे. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख अभ्यासकांपुढं आणला.

विचार करा. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली गणितं जिथं मुलं सोडवत होती ती जागा या नदीकाठी आहे. आणि एकेकाळी इथं चांगला बाजार भरत होता.

त्याहून तेराशे-चौदाशे वर्षं मागं जा. पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झाली. तिथल्या लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात पैठणचा मितदेव आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. पैठणचा गंधी या आडरानात दान का देतो? कारण तेव्हा हे आडरान नव्हतं. पैठणहून उत्तरेकडं जाणारा माल याच डोंगरातल्या घाटांनी खानदेशात उतरत असे. इथं सापडलेली यक्षाची हसरी मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या तळहातावर कोरलंय की ती कण्हदास या सोनारानं केली. सोनारानं दगड घडवला म्हणूनच तिच्या दागिन्यांची नक्षी इतकी बारीक आली असावी, असं मला ती बघताना वाटलं.

म्हणून अंजनछाया यांना एवढंच म्हणेन, माणसांनी या खोऱ्यातून चालणं बावीसशे वर्षं तरी जुनं आहे.

अंजनछाया:

पाटणपट्टी, माहिती सुंदर. पण बावीसशे वर्षांपूर्वी चालणारा माणूस प्लास्टिक टाकत नव्हता आणि तेव्हा जंगल एवढं आक्रसलेलं नव्हतं. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ शेकडो किलोमीटर चालत गौताळ्यात पोचला आणि वन विभागाच्या कॅमेऱ्यात आला. शेतं, रस्ते, रेल्वे, वस्त्या ओलांडत तो आला तो इथं थोडी निवांत जागा उरली म्हणून. ती निवांत जागा हीच आपली कमाई आहे. तितूरकाठ यांनी बिंदू देणार नाही म्हटलं, त्याबद्दल आभार. माझ्या मागण्या दोन: जथा आठ जणांपेक्षा मोठा नको, आणि सूर्यास्ताच्या आधी दोन तास सगळ्यांनी देवळापाशी परत आलेलं असावं. एवढं पाळणार असाल तर माझा विरोध मागं घेतो.

तितूरकाठ:

दोन्ही मान्य. दुसरी मागणी तर प्रत्येकानं स्वतःच्या जिवासाठीही पाळावी. संध्याकाळी बिबट्या, तरस, रानडुक्कर सगळे पाण्यावर येतात, तो त्यांचा हक्काचा वेळ. वाघाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून आनंद झाला. तो आला तेव्हा गावात लोक घाबरले होते हे खरं, पण माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या गुराख्याला भरून आलं होतं. त्याच्या आज्यानं सांगितलेल्या गोष्टींतला वाघ त्याच्या हयातीत परत आला होता.

खोराना_पोऱ्या:

आठ जणांची अट बरोबर शे. वाटाड्यालाही तेवढीच माणसं सांभाळता येतात. त्याच्यापेक्षा जास्त झाली की मागची चार कुठं फुटली ते कळत नाही.

काचेच्या बाटल्यांचं मी मुद्दाम लिहितो. फुटलेली काच पुरात वाहत खाली येते, वाळूत रुतते. आमच्या म्हशींचे पाय कापतात, तसेच रोह्यांचे, भेकरांचेही कापत असतील. त्यांना कोण मलम लावणार? गावातली पोरं दर हिवाळ्यात पात्रातली काच गोळा करतात. ज्यांना वाटतं त्यांनी त्या दिवशी या, हातमोजे आणि गोणी घेऊन.

धुळेकर_सायकल:

धुळ्याहून एका दिवसात होईल का? माझ्याकडं गाडी नाही.

तितूरकाठ:

होईल. धुळे-चाळीसगाव रेल्वे आहे, एसटीही आहे. चाळीसगाव जंक्शनला मुंबई-भुसावळ मार्गावरच्या गाड्या थांबतात, त्यामुळं जळगाव-नाशिककरांनाही सोपं. स्टेशनजवळून पाटणादेवीची एसटी किंवा रिक्षा मिळते. एसटीची वेळ स्थानकावर आदल्या दिवशी विचारून घ्या आणि रिक्षावाल्याशी परतीचंही ठरवून घ्या, कारण सुट्टीचा दिवस नसेल तर तिथं दुपारनंतर गाडी मिळत नाही. पाणी प्रत्येकी तीन लिटर. जेवण बांधून आणा, कळण्याची भाकरी आणि ठेचा दुपारपर्यंत उत्तम टिकतो. कांदा कागदात आणा, पिशवीत नको. दगड उचलून बसायची जागा करू नका, इथं दगडाखाली फुरसं असतं. उन्हात तापलेल्या सपाट कातळावर बसा.

गिरणाई:

दादा, काच गोळा करायच्या दिवसाची तारीख ठरली की इथं टाका. दिवाळीला जमलं नाही तर मी मुलांना त्याच दिवशी आणते. माझ्या मोठ्याला गणिताची फार आवड आहे, त्याला शिलालेखाचं सांगितलं तेव्हापासून तो मागं लागलाय.

खोराना_पोऱ्या:

ताई, कापूस वेचणी उरकली की ठरवतो. बहुतेक डिसेंबरचा दुसरा नाहीतर तिसरा रविवार. मुलांना नदीत नको, ती काठावर गोण्या धरतील. सकाळी सातला नाक्यावर भेटू. तुम्ही फक्त किती जण येणार ते आधी कळवा, वन विभागाला यादी द्यावी लागते.